वाई : भूगोल, इतिहास आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वाईबद्दल येणारे निम्मे प्रश्न पाचगणीला जाताना मधे तासभर थांबणाऱ्या मंडळींचे असतात. उरलेले शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती हवी असलेल्या मुलांचे, आणि आजोळ वाईचं पण स्वतः कधी फारसं राहिलेले नाहीत अशांचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. वाईत आख्यायिका आणि इतिहास यांची इतकी सरमिसळ झाली आहे की कुठलं काय ते वेगळं सांगितलेलं बरं. म्हणून कागदोपत्री आधार आहे तिथं साल दिलंय, आणि लोक सांगतात ते ‘लोक सांगतात’ असंच लिहिलंय.

१. वाई नेमकी आहे कुठे?

सातारा जिल्ह्याच्या उत्तर भागात, कृष्णेच्या डाव्या म्हणजे उत्तरेकडच्या काठावर. आता वस्ती पलीकडच्या काठावरही पसरली आहे, पण जुनं गाव अलीकडचं. साताऱ्याहून साधारण ३५ किलोमीटर, पुण्याहून ९० च्या आसपास, पाचगणी अवघी १२. समुद्रसपाटीपासूनची उंची ७०० मीटरच्या थोडी वर. गावात कुठंही उभं राहिलं तरी डोंगर दिसतो: वायव्येला पांडवगड, आग्नेयेला वैराटगड, नैर्ऋत्येला पाचगणीचं पठार. हे सगळे बेसॉल्टचे, माथ्यावर सपाट, कडेला पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेले. पश्चिमेकडे दरी अरुंद होत जाते, पूर्वेकडे उघडते, आणि त्या उघड्या तोंडातून नदी भुईंज, पाचवडच्या बाजूला निघून जाते.

२. वाईला गाव म्हणायचं की शहर?

नगरपालिका आहे, तालुक्याची कचेरी आहे, कोर्ट आहे, कॉलेज आहे, म्हणून कागदावर शहर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास होती. बोलताना मात्र वाईकरही ‘गावात जाऊन येतो’ असंच म्हणतात आणि पत्ता सांगताना आळीचं नाव घेतात. नकाशात गोंधळ होतो तो वाई शहर, वाई तालुका आणि वाई विधानसभा मतदारसंघ यांचा. मतदारसंघात खंडाळा आणि महाबळेश्वर हे तालुकेही येतात, त्यामुळे तिथले आकडे शहराला लावू नयेत.

३. वाईला रेल्वे आहे का? यायचं कसं?

रेल्वे नाही. जवळची स्थानकं वाठार आणि सातारा, आणि दोन्हीकडून पुढं रस्त्यानेच यावं लागतं. बहुतेक लोक एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने येतात. पुण्याकडून येताना खंबाटकी घाट उतरला की सुरूर फाट्याला महामार्ग सोडून उजवीकडे वळायचं. साताऱ्याकडून येणाऱ्यांना पाचवडचा फाटा सोयीचा. सुरूरहून येणारा रस्ता जुन्या वडांसाठी ओळखला जातो. काही ठिकाणी दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींत मिसळतात आणि भर दुपारी रस्त्यावर सावली असते. रुंदीकरणाचा विषय निघाला की या झाडांवरून वाद होतो, आणि व्हायलाच हवा.

शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांच्या हंगामात वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात वाहनं अडकतात आणि त्या रांगेचं शेपूट वाईत येतं. त्या दिवसांत सकाळी लवकर या.

४. वाईचा पिनकोड ४१२ ने सुरू होतो. मग वाई पुणे जिल्ह्यात आहे का?

नाही. वाई सातारा जिल्ह्यातच आहे आणि गाड्यांचा क्रमांकही साताऱ्याचा, म्हणजे एमएच ११. पण पिनकोड ४१२८०३ आहे, तर सातारा शहराचा ४१५ ने सुरू होतो. पाचगणी आणि महाबळेश्वरचंही तसंच. पिनकोड टपालाच्या वाटणीवर ठरतो, जिल्ह्याच्या हद्दीवर नाही. ऑनलाइन अर्जात पिनकोड टाकल्यावर जिल्हा आपोआप ‘पुणे’ आला, तर तो हाताने बदला. नंतर दाखल्यात दुरुस्ती करत बसण्यापेक्षा ते सोपं.

५. कृष्णा नदीचा उगम वाईत आहे का?

उगम क्षेत्र महाबळेश्वरचा, म्हणजे जुन्या महाबळेश्वरचा. तिथून उतरून ती जोर, बलकवडी, धोम या भागातून पूर्वेकडे येते. उगमापासून निघालेल्या कृष्णेला लागणारं पहिलं शहर मात्र वाई. इथून पुढं कराडला कोयना मिळते, मग सांगली, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र, आणि सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून ती बंगालच्या उपसागराला मिळते. सांगलीत कृष्णा पाहिलेल्या माणसाला वाईतली कृष्णा ओढ्यासारखी वाटते. उन्हाळ्यात काही ठिकाणी गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येतं. पण घाट, देवळं, उत्सव, आळ्या असा नदीशी जोडलेला सगळा संसार इथूनच सुरू होतो.

६. महाबळेश्वरला एवढा पाऊस, मग वाईत का नाही?

सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिकामे होतात आणि पूर्वेकडे उतरताना वारा कोरडा होत जातो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी, आणि वाईत साधारण सात-आठशे मिलिमीटर. म्हणजे ३०-३२ किलोमीटरच्या अंतरात पाऊस सात-आठ पटींनी घटतो. तालुक्यातच हा फरक दिसतो: पश्चिमेकडे जोरच्या खोऱ्यात भातखाचरं, तर पूर्वेकडे पावसाची वाट बघणारी माळरानं. जुलैत वाईत नुसती भुरभुर असते आणि नदी मात्र दुथडी वाहत असते, कारण पाऊस वर पडलेला असतो. पाहुण्यांना याचं नवल वाटतं.

७. धोम धरण म्हणजे वाईचंच धरण ना? मग उन्हाळ्यात नदीला पाणी का नसतं?

धरण वाईच्या पश्चिमेला आठ-दहा किलोमीटरवर, धोम गावाजवळ. क्षमता साधारण साडेतेरा टीएमसी, म्हणजे साडेतेरा अब्ज घनफूट. हे मुख्यतः सिंचनाचं धरण. पाणी कालव्यांतून खालच्या तालुक्यांकडे जातं, आणि नदीच्या पात्रात किती सोडायचं ते आवर्तनावर, म्हणजे पाणी सोडण्याच्या ठरलेल्या पाळीवर ठरतं. त्यामुळे घाटाच्या पायऱ्यांशी असलेलं पाणी ऋतूपेक्षा पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे चढतं-उतरतं. आवर्तन नसेल तेव्हा पात्रात डबकी राहतात आणि त्यांत गावाचं सांडपाणी मिसळतं. घाटावर हौसेनं आलेल्या माणसाचा विरस होतो तो यामुळेच. भरलेला घाट बघायचा असेल तर पावसाळ्याच्या अखेरीस किंवा दिवाळीच्या आसपास या.

धोम गावातलं महादेवाचं देऊळ मात्र उन्हाळ्यातही पाहण्यासारखं आहे. तिथला नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसवलेला आहे आणि भोवती कमळाच्या आकाराचं कुंड आहे. कुंडात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन पोहतंय असं वाटतं.

८. वाईचे सात घाट कोणते?

वरपासून खालपर्यंत सांगायची नावं अशी: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. ही घाटांचीच नव्हे तर आळ्यांचीही नावं आहेत, कारण जुन्या वाईत प्रत्येक आळी उतरत जाऊन आपापल्या घाटाला मिळायची. धुणं, आंघोळ, संध्या, पुराण, श्राद्ध, सगळं त्या त्या घाटावर व्हायचं. आजही कृष्णाबाईचा उत्सव आळीवार होतो (प्रश्न १६). बाहेरचे लोक गणपती आळीचा घाट पाहून ‘वाईचा घाट पाहिला’ म्हणतात. वेळ असेल तर तिथून काठाकाठाने गंगापुरीपर्यंत चालत जा, गर्दी संपते आणि जुन्या दगडी पायऱ्या, छोट्या देवळ्या नीट दिसायला लागतात.

९. ढोल्या गणपतीचं देऊळ कोणी बांधलं? ‘ढोल्या’ का म्हणतात?

गणपतराव भिकाजी रास्ते यांनी, १७६२ मध्ये. नाव देवळाचं नव्हे, मूर्तीच्या अंगलटीवरून पडलेलं आहे: एकाच काळ्या पाषाणातली प्रचंड बैठी मूर्ती, रुंद आणि भरदार. रीतसर नाव महागणपती. देवळाचं शिखर सुमारे २४ मीटर उंच आहे आणि घाटावरच्या कुठल्याही फोटोत तेच आधी दिसतं.

शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ त्याच्याही आधीचं, १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. गणपतीचं दर्शन घेऊन लोक तिथं न डोकावता परत फिरतात. तिथला काळ्या दगडाचा नंदी पाहा. गळ्यातल्या माळा, घुंगरं आणि पाठीवरची झूल इतकी घोटीव आहे की हात फिरवल्याशिवाय राहवत नाही.

१०. वाईचा गणपती अष्टविनायकांपैकी आहे का?

नाही. अष्टविनायक पुणे, रायगड आणि अहिल्यानगर (जुनं अहमदनगर) या जिल्ह्यांत आहेत, सातारा जिल्ह्यात एकही नाही. सहलीच्या पत्रकांत ‘अष्टविनायक आणि वाई’ असं छापतात, त्यावरून हा गैरसमज होतो. रांजणगावच्या गणपतीलाही महागणपती म्हणतात, तोही एक घोटाळा.

११. पुराच्या पाण्यात ढोल्या गणपतीचं देऊळ बुडतं, तरी टिकतं कसं?

देऊळ घाटावर, म्हणजे जवळजवळ पात्रातच बांधलेलं आहे. मोठ्या पुरात पाणी गाभाऱ्यापर्यंत जातं, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून प्रवाह जिथून अंगावर येतो ती मागची भिंत त्यांनी सरळ ठेवली नाही. पायऱ्यांवरून वरच्या अंगाला जाऊन मागून पाहिलं तर दोन्ही बाजूंच्या भिंती पुढं येत येत एका धारेत मिळालेल्या दिसतात. वाईकर याला मत्स्याकार म्हणतात. येणारं पाणी त्या धारेवर फुटतं, दोन्ही अंगांनी वळतं आणि भिंतीवर सरळ धडक बसत नाही. पुलांच्या खांबांना वरच्या बाजूला टोक काढतात ते याच कारणासाठी. दर्शनाच्या रांगेतून हा भाग दिसतच नाही, आणि मला विचाराल तर देवळातली सगळ्यात हुशारीची गोष्ट तीच आहे.

धोम धरण झाल्यावर पुराचा जोर कमी झाला, संपला नाही. धरण भरल्यावर अतिवृष्टी झाली की विसर्ग वाढवावा लागतो आणि घाट पाण्याखाली जातो. जुलै २०२१ च्या पावसात तालुक्याच्या पश्चिम भागात दरडी कोसळल्या आणि त्यात माणसंही दगावली. पावसाळ्यात विसर्गाचा इशारा दिला असेल त्या दिवशी पायऱ्यांवर उतरू नये. पाणी बघता बघता चढतं.

१२. हे रास्ते कोण? वाईत सगळीकडे त्यांचंच नाव कसं?

रास्ते हे पेशवाईतलं मातब्बर सरदार घराणं, मूळ आडनाव गोखले. वाईच्या भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिली. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव ही तिची मुलं. पेशव्यांचं सासर झाल्यावर घराण्याकडे सरदारकी, पैसा आणि वजन आलं, आणि त्यातला बराच पैसा वाईच्या काठावर दगडांत लागला. गणपती (१७६२), काशीविश्वेश्वर (१७५७), विष्णू आणि महालक्ष्मीची देवळं, काही घाट, वाडे आणि गावाबाहेरचा मोतीबाग वाडा, ही सगळी रास्त्यांची कामं.

म्हणूनच वाई ‘प्राचीन नगरी’ म्हणून पाहायला येणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगावीशी वाटते: डोळ्यांना जी वाई दिसते ती बहुतेक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. जागा जुनी आहे, वस्ती जुनी आहे, पण घाट-देवळांचं रूप पेशवाईचं. पानिपत १७६१ चं, आणि पुढच्याच वर्षी हे गणपतीचं देऊळ पुरं झालं. गोपिकाबाईंचा मोठा मुलगा विश्वासराव त्या पानिपतात पडला होता.

१३. वाई म्हणजेच महाभारतातली विराटनगरी हे खरं का?

ही आख्यायिका आहे. पांडव अज्ञातवासात विराट राजाकडे राहिले ते इथंच, म्हणून पांडवगड, म्हणून वैराटगड, म्हणून भीमकुंड, असं सांगतात. महाभारतातला विराट मत्स्य देशाचा राजा. तो देश आजच्या राजस्थानात जयपूरच्या बाजूला धरतात आणि तिथं बैराट नावाचं गावही आहे. विराटाच्या राजधानीचा मान सांगणारी गावं देशभर आहेत, तशी वाई एक. गोष्ट म्हणून सांगायला काहीच हरकत नाही. शाळेच्या प्रकल्पात लिहिणार असाल तर मात्र ‘अशी श्रद्धा आहे’ हे तीन शब्द आधी घाला.

१४. वाईला दक्षिण काशी म्हणतात, पण पैठणलाही म्हणतात. खरी कोणती?

हा काही सरकारी दर्जा नाही, त्यामुळे खरी-खोटी असा निवाडा होत नाही. पैठण, कोल्हापूर, नाशिक, सगळ्यांना कुणी ना कुणी दक्षिण काशी म्हटलेलं आहे. वाईच्या बाबतीत त्याला दोन आधार आहेत. एक, नदीकाठची घाटांची आणि देवळांची रांग. दुसरा, संस्कृत अध्ययनाची परंपरा, जी विसाव्या शतकापर्यंत जिवंत होती (प्रश्न २१). दुसरा आधार जास्त वजनदार आहे.

१५. अफझलखानाचा वाईशी काय संबंध?

चांगलाच संबंध. १६५९ च्या मोहिमेआधी तो आदिलशाहीचा वाई परगण्याचा सुभेदार होता, त्यामुळे हा मुलूख, इथले वतनदार आणि जावळीकडे जाणाऱ्या वाटा त्याच्या माहितीच्या होत्या. त्या वर्षी शिवाजी महाराजांवर चालून आला तेव्हा त्याने तळ वाईला टाकला. बोलणी इथूनच झाली: खानाकडून कृष्णाजी भास्कर, महाराजांकडून पंताजी गोपीनाथ. खानाचा बेत महाराजांना वाईला मोकळ्या मैदानावर आणायचा होता आणि महाराजांचा खानाला जावळीच्या जंगलात ओढायचा. शेवटी खान डोंगर चढून, रडतोंडीच्या घाटाने उतरून जावळीत गेला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला. नंतर वाई महाराजांकडे आली आणि मराठी फौजा थेट दक्षिणेकडे सुटल्या. २८ नोव्हेंबरला पन्हाळा घेतला गेला.

वाईत फिरून भूगोल पाहिला की हा प्रसंग पुस्तकापेक्षा लवकर कळतो. इकडे रुंद, सपाट, घोडदळाला सोयीचं खोरं, आणि पश्चिमेला मान वर करून बघावा लागणारा डोंगर. घोडदळाच्या भरवशावर आलेल्या सरदाराने ही जागा सोडायलाच नको होती.

१६. कृष्णाबाईचा उत्सव काय असतो आणि कधी असतो?

नदीलाच देवी मानून केलेला उत्सव. हिवाळा सरत आला की सुरू होतो आणि एकेक घाट करत चैत्रापर्यंत चालतो. प्रत्येक आळीची कृष्णाबाई वेगळी, मांडव वेगळा, दिवस ठरलेले. देवीची मूर्ती साडीचोळी, दागिने घालून घाटावर आणतात. पूजा, कीर्तन, प्रवचन, हळदीकुंकू आणि महाप्रसाद असतो. प्रसादाच्या पंगती घाटावरच बसतात.

परंपरा असं सांगते की अफझलखानाचा तळ वाईत होता तेव्हा इथल्या शेंड्ये घराण्यातल्या एका शास्त्र्यांनी कृष्णेला नवस केला: महाराजांवरचं संकट टळू दे, तुझा उत्सव करीन. उत्सवाच्या तारखा तिथीवर असल्याने दर वर्षी बदलतात. नेमकी तारीख हवी असेल तर ज्या घाटाचा उत्सव पाहायचा त्या आळीत विचारणं उत्तम.

१७. कन्यागत म्हणजे काय? दर वर्षी असतं का?

गुरू कन्या राशीत जातो त्या वर्षी कृष्णेचं पर्व येतं, त्याला कन्यागत म्हणतात. सिंहस्थात गोदावरी, तशी कन्यागतात कृष्णा. त्या काळात गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी श्रद्धा आहे, म्हणून वाई, नृसिंहवाडी अशा ठिकाणी स्नानाला गर्दी होते. सुमारे १२ वर्षांनी येतं. मागचं २०१६ मध्ये झालं, पुढचं २०२८ मध्ये. कृष्णाबाईच्या उत्सवाशी (प्रश्न १६) याची गल्लत करू नका, तो वार्षिक आहे.

१८. सरसेनापती हंबीरराव मोहिते वाईत पडले, मग समाधी तळबीडला कशी?

१६८७ च्या डिसेंबरात वाईजवळ मोगली सरदार सर्जाखानाशी लढाई झाली. मराठ्यांनी ती जिंकली, पण तोफेचा गोळा लागून हंबीरराव पडले. तळबीड हे कराडजवळचं त्यांचं मूळ गाव, म्हणून समाधी तिथं आहे. ताराबाई त्यांची मुलगी.

१९. मेणवलीचा वाडा वाईतच आहे का? आणि देवळात मेरीची घंटा कशी आली?

मेणवली हे स्वतंत्र गाव, वाईहून धोमच्या रस्त्याला तीन-चार किलोमीटरवर. नाना फडणवीसांना ही जागा १७६८ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींकडून मिळाली आणि पुढच्या काळात त्यांनी वाडा, घाट आणि देवळं उभी केली. वाडा अनेक चौकांचा, जाड भिंतींचा, बाहेरून साधा. आत नानांचा पलंग दाखवतात आणि भिंतींवर जुनी चित्रं आहेत. मालकी खासगी असल्याने कधीकधी काही भाग बंद असतो. वाड्याच्या मागच्या दारातून खाली उतरलं की चंद्रकोरीच्या आकाराचा घाट लागतो. गणपती आळीपेक्षा हा घाट मला जास्त आवडतो, कारण इथं नदीला वळायला जागा ठेवली आहे.

घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या दगडी खोलीत ही मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल ओतलेलं दिसतं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना मिळाल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरलाही अशा घंटा आहेत.

२०. पेशव्यांच्या आधीचं वाईत काही आहे का?

गावात फार थोडं, आसपास बरंच. वाईच्या उत्तरेला लोहारे गावाजवळ कोरीव बौद्ध लेणी आहेत, आज ती पालपेश्वर या महादेवाच्या नावाने ओळखली जातात. पांडवगडाच्या अंगावरही लेणी आहेत. म्हणजे कोकणातून घाट चढून देशावर येणाऱ्या वाटांवर हे खोरं फार पूर्वीपासून वापरात होतं. पांडवगड आणि वैराटगड हे किल्ले पन्हाळ्याच्या शिलाहार भोज राजाने, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीस, बांधले असं मानतात. खोऱ्याच्या वरच्या अंगाला केंजळगड आणि कमळगड आहेत. चढाईला चौघांत सोपा वैराटगड, पण मार्चनंतर सावली नाही.

२१. मराठी विश्वकोश मुंबई-पुणे सोडून वाईला कसा?

एका माणसामुळे, आणि त्या माणसाच्या मागे एका पाठशाळेमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातून आलेल्या नारायणशास्त्री मराठ्यांनी वाईत अध्यापन सुरू केलं, त्यातून प्राज्ञपाठशाळा उभी राहिली. हेच पुढं स्वामी केवलानंद सरस्वती. मीमांसाकोश आणि धर्मकोश ही प्रचंड कामं या संस्थेतून झाली. विनोबा भावे १९१७ मध्ये गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन इथंच उपनिषदं आणि शांकरभाष्य शिकायला आले होते.

धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा एक मुलगाही असाच शिकायला आला आणि वाईचाच झाला: तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४). जुन्या पद्धतीने शास्त्रं शिकलेल्या या पंडिताने अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींना शास्त्राधार काढून दिले, मार्क्सवाद अभ्यासला, रॉयवादी म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, त्याचे ते पहिले अध्यक्ष. विश्वकोशाचं काम हाती घेतलं तेव्हा प्रमुख संपादक वाईत, ग्रंथ वाईत, संदर्भ सांगणारे शास्त्री वाईत, म्हणून कचेरीही वाईत. पहिला खंड १९७६ मध्ये आला, पुढं २० खंड झाले, आता ते ऑनलाइन फुकट वाचता येतात. वाईचा सगळ्यांत दूर पोचलेला माल कोणता, असं कुणी विचारलं तर मी हळदीआधी विश्वकोशाचं नाव घेईन.

यात गंमत अशी की नारायणशास्त्री आणि लक्ष्मणशास्त्री दोघेही बाहेरून आलेले. मूळच्या मातीतलं नाव हवं असेल तर पसरणीचे शाहीर साबळे आहेतच, आणि कवठ्याचे स्वातंत्र्यसैनिक किसन वीरही. वाईचं कॉलेज आणि भुईंजचा साखर कारखाना यांना किसन वीरांचंच नाव आहे.

२२. वाईत एवढ्या चित्रपटांचं शूटिंग का होतं?

घाट, वाडे, नदी, ऊस आणि डोंगर एका तासाच्या टप्प्यात मिळतात, आणि मुंबईहून एका दिवसात सामान येतं. ‘स्वदेस’मधलं गाव मेणवलीत उभं केलं होतं, ‘दबंग’साठी वाई उत्तर प्रदेश झाली, ‘चेन्नई एक्सप्रेस’साठी तमिळनाडू. चित्रीकरण चालू असलं की घाटाचा काही भाग बंद असतो. आणि पडद्यावर पाहिलेली सगळी देवळं सापडतील अशी आशा धरू नका, त्यातली काही थर्माकोलची असतात.

२३. बगाड वाईचं की बावधनचं? आणि मांढरदेवीही वाईतच येते का?

दोन्ही वाई तालुक्यातली, शहरातली नव्हेत. बगाड बावधनच्या भैरवनाथाचं. होळी पौर्णिमेला कौल लावून बगाड्या ठरतो आणि रंगपंचमीला त्याला उंच शिडावर टांगून, बैलांच्या जोड्या लावून बगाड ओढत कृष्णाकाठच्या सोनेश्वराकडून गावात आणतात. त्या दिवशी वाई-सातारा वाहतुकीवर परिणाम होतो.

मांढरदेवीची काळूबाई वाईहून साधारण २० किलोमीटरवर डोंगरावर आहे, यात्रा पौष पौर्णिमेला. २५ जानेवारी २००५ ला तिथं चेंगराचेंगरी आणि आग यांत अडीचशेहून अधिक भाविक गेले. त्यानंतर गडावरचे नियम कडक झाले, यात्रेत पशुहत्येला बंदी आहे. घाटरस्ता अरुंद आहे, यात्रेच्या दोन-तीन दिवसांत नुसतं ‘देऊळ बघायला’ म्हणून जाऊ नका.

२४. पाचगणीला जाताना दोन तासच आहेत. काय पाहू?

गणपती आळीचा घाट, गणपती, शेजारचा काशीविश्वेश्वर, मागची भिंत (प्रश्न ११). तासाभरात होतं. उरलेल्या वेळात मेणवली. गाडी अरुंद आळ्यांत घालू नका, अलीकडे लावून चालत या. पूर्ण दिवस असेल तर सकाळी धोम, मग मेणवली, दुपार टळल्यावर घाट. लेणी आणि किल्ले यांना वेगळा दिवस द्या.

२५. वायगाव हळद म्हणजे वाईची हळद ना?

नाही, आणि ही चूक दुकानदारही करतात. भौगोलिक मानांकन मिळालेली वायगाव हळद वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची. सांगलीच्या हळदीचं मानांकन वेगळं. वाईच्या खोऱ्यात हळद पिकते आणि इथली बाजारपेठही जुनी आहे. काढणीनंतर हळद शिजवतात, उन्हात वाळवतात आणि मग पॉलिश करतात. त्या दिवसांत शिवारातून जाताना तिचा वास रस्त्यापर्यंत येतो. पण पाकिटावर ‘वायगाव’ लिहिलेलं दिसलं तर ती वाईची नव्हे. स्ट्रॉबेरीचंही असंच: मानांकन ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ या नावाने आहे, वाई तालुक्याच्या पश्चिम भागातही ती लावतात. कंदी पेढे मात्र साताऱ्याचे, त्यावर वाईकरांचा काही दावा नाही.